छोटे जुने रंधे: नाव सगळ्यात शेवटी वाचा

जुन्या बाजारात लोखंडी रंधा दिसला की नवखा माणूस आधी पात्यावरचं नाव वाचतो. ‘स्टॅन्ली’ हे नामांकित अमेरिकन कंपनीचं नाव दिसलं की डोळे चमकतात, आणि ते विकणाऱ्यालाही दिसतं. अडचण अशी की रंध्यात सगळ्यात आधी झिजतं ते पातं, आणि सगळ्यात आधी बदललं जातं तेही पातंच. पात्यावर बसणारी कॅप दुसऱ्या क्रमांकावर. म्हणजे नाव ज्या दोन भागांवर ठळक असतं, तेच भाग मूळचे असण्याची खात्री सर्वात कमी. म्हणून रंधा ओळखायचा तो उलट्या क्रमाने: आधी माप, मग घडण, मग दोष आणि अगदी शेवटी नाव.

इथे छोटा रंधा म्हणजे साधारण आठ इंचांपर्यंतचा. यातले बहुतेक ब्लॉक प्लेन, म्हणजे एका हाताच्या पंजात मावणारे, मागे उभी मूठ नसलेले बिडाचे रंधे. त्याशिवाय मोठ्या रंध्यांची लहान भावंडं, खाचेच्या कोपऱ्यात शिरणारे आखूड नाकाचे रंधे, आणि खेळण्याएवढे चिमुकले. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ब्लॉक प्लेनपासूनच करावी असं माझं मत आहे. ते भरपूर बनले, अजून सापडतात, जागा खात नाहीत, आणि धार लावली की त्याच दिवशी दरवाजाची अडणारी कड साफ करता येते. नुसता कपाटात ठेवायचा रंधा गोळा करण्यात मला फारशी गंमत वाटत नाही.

पहिली पायरी: पट्टी काढा

खिशात सहा इंची स्टीलची पट्टी ठेवा. दोन मापं घ्यायची: तळाची लांबी आणि पात्याची रुंदी. सुतारांच्या हिशोबात सांगायचं तर इंच आणि सूत, आठ सुतांचा एक इंच. सेंटिमीटरमध्ये मोजलंत तर गोंधळ होईल, कारण हे रंधे बनवणाऱ्या अमेरिकन आणि इंग्रज कारखान्यांनी सगळा विचार इंचांत केला होता.

काही मापं पाठच करून टाका. स्टॅन्ली नं. ११० हा सात इंची. नं. ९½ सहा इंची. नं. ६०½ सुद्धा सहा इंची, पण अरुंद, पातं एक इंच तीन सूत. नं. १०२ साडेपाच इंची. मोठ्या घराण्यातला नं. ३ आठ इंची, पातं पावणेदोन इंच. नं. २ सात इंची, पातं एक इंच पाच सूत. आणि नं. १ फक्त साडेपाच इंची, पातं सव्वा इंच. मुलांच्या हत्यारपेटीसाठी बनलेला नं. १०१ तर साडेतीन इंची, एक इंच पात्याचा. जुन्या ओतकामात एखाद-दुसऱ्या सुताचा फरक पडतो, त्याने घाबरू नका. पण पात्याची रुंदी आणि रंध्याचं पोट यांत दोन्ही बाजूंना मोठी फट दिसली, तर पातं दुसऱ्या कुठल्या रंध्याचं आहे असं समजा.

स्टॅन्लीच्या क्रमांकांत तर्क शोधू नका. नं. ९ आणि नं. ९½ यांचा एकमेकांशी संबंध नाही: नं. ९ हा दहा इंची, जड, फर्निचर बनवणाऱ्यांचा महागडा रंधा आहे. उलट नं. ६० आणि ६०½ जवळजवळ एकच. ६० च्या कॅपवर निकेलचा मुलामा आणि ६०½ ची कॅप काळी, एवढाच फरक.

दुसरी पायरी: घडण वाचा

रंधा उलटा करा आणि चार प्रश्न विचारा.

पातं मागे-पुढे करायला स्क्रू किंवा तरफ आहे का? काहीच नसेल, पातं नुसतं कॅपखाली दाबून ठेवायचं असेल आणि हातोडीच्या टिचक्यांनी बसवायचं असेल, तर तो ११० किंवा १०२ च्या जातीचा. हे स्वस्तातले रंधे. ११० चं उत्पादन जवळजवळ शंभर वर्षं चाललं, त्यामुळे तो दुर्मिळ नाही, कोणी काहीही सांगो. मागे स्क्रू असेल पण तोंड (तळातली, पातं जिथून बाहेर येतं ती फट) पक्कं असेल, तर २२० च्या जातीचा.

तोंड लहान-मोठं करता येतं का? पुढची गुंडी सैल केल्यावर तळाचा पुढचा तुकडा सरकत असेल, तर तो वरच्या दर्जाचा रंधा आहे: ९½, ६०½, ६५ किंवा त्यांची भावंडं. तोंड बारीक करता आलं की उलट्या रेषांच्या लाकडातही ढलप्या न उपटता सुटतात. एकच ब्लॉक प्लेन घ्यायचा असेल तर सरकत्या तोंडाचा घ्या.

पातं किती निजलेलं आहे? नेहमीच्या ब्लॉक प्लेनमध्ये पात्याची बैठक सुमारे २० अंशांची, तर निजलेल्या म्हणजे ६०½ आणि ६५ सारख्या रंध्यांत १२ अंशांची. या दोन्हींत पात्याच्या धारेचा उतार वर ठेवायचा असतो, मोठ्या रंध्याच्या उलट. बाजारात निम्मे रंधे पातं उलटं घातलेले मिळतात, आणि मग ‘हा चालत नाही’ म्हणून कोपऱ्यात पडतात. हिशोब सोपा आहे: २५ अंशांची धार आणि २० ची बैठक मिळून ४५; तीच धार १२ च्या बैठकीवर ३७. फळीच्या कापलेल्या टोकावर, जिथे सगळ्या रेषांची तोंडं वर येतात, तिथे हा ३७ अंशांचा रंधा लोण्यासारखा चालतो.

कॅप कशी बसते? साध्या रंध्यात कॅपखाली चक्राचा स्क्रू असतो. काहींत एक आडवी तरफ. आणि नं. १८ सारख्या रंध्यात निकेलची, गुडघ्यासारखी मोडणारी कॅप असते. ती दाबली की ‘टक्’ होऊन बसते. ही कॅप देखणी असते, त्यामुळे कोणी कोणी ती साध्या ९½ वर चढवून ‘नं. १८’ म्हणून विकतो. दोन्हींचं अंग बहुतांशी सारखंच, म्हणून ही अदलाबदल सहज खपते.

बाजूंवर बोटं ठेवायला लांबट खळगे आहेत का, तेही बघा. स्टॅन्लीने ते १८९० च्या दशकाच्या अखेरीस आणले. खळगे नसलेला, सपाट बाजूंचा ९½ दिसला तर तो बहुधा त्याआधीचा आहे. तो घाईने परत ठेवू नका.

तिसरी पायरी: चीर शोधा

बीड दणकट दिसतं पण ठिसूळ असतं. रंधा फरशीवर पडला की वाकत नाही, तडकतो. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे तोंडाच्या दोन्ही बाजू, जिथे तळ आणि बाजूची भिंत मिळते. निजलेल्या पात्याच्या रंध्यांत तोंडामागची बैठक फारच पातळ असते, तिथे टवका उडालेला वारंवार सापडतो. ६०½ घेताना पातं काढून ती कड नखाने चाचपल्याशिवाय पैसे देऊ नका.

पातं आणि कॅप काढून रंधा दोन बोटांत लोंबकळत धरा आणि पेनाने हलकेच ठोका. अखंड अंग स्वच्छ वाजतं. तडकलेलं बद्द वाजतं. घरी आणल्यावर शंका राहिली तर संशयित जागी रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि पांढऱ्या खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. पिवळसर, पितळेच्या रंगाची रेघ दिसली तर कोणीतरी आधीच झाळून जोडलेलं आहे. असा रंधा वापरायला हरकत नाही, पण संग्रहाच्या किमतीला घेऊ नका.

दुसरा मोठा दोष आट्यांचा. स्टॅन्लीने कित्येक स्क्रूंना हार्डवेअरच्या दुकानात न मिळणारे, स्वतःच्या मापाचे आटे ठेवले. स्क्रू हरवला की आपल्याकडचा मिस्त्री सरळ जवळच्या मापाचा टॅप मारून साधा बोल्ट बसवतो. रंधा चालू लागतो, पण मूळ स्क्रू मिळाला तरी आता तिथे बसत नाही. म्हणून प्रत्येक स्क्रू पूर्ण काढून बघा. चकचकीत षटकोनी डोक्याचा बोल्ट दिसला की समजून घ्या.

बाकीचे दोष पटकन: शेपटीला भिंतीवर टांगण्यासाठी पाडलेलं भोक (किंमत उतरते, काम अडत नाही), खाचेपर्यंत संपत आलेलं पातं, गंजाने खड्डे पडलेला तळ. तळ सरळ आहे का ते गुण्याची पाती लावून उजेडाकडे धरून बघा. तोंडापाशी पोकळ असेल तर तासून सरळ करायला घाम गाळावा लागेल. अंगावर मालकाचं नाव किंवा आद्याक्षरं ठोकलेली असतील तर तो दोष मानू नका. हत्यार कोणाचं होतं याची ती एकमेव खूण असते.

रंगवलेला रंधा ओळखायलाही शिका. जुन्या रंध्यांचा काळा लेप डांबरी द्रव्याचा, भट्टीत भाजून पक्का केलेला असायचा: जाड, काळाभोर, कडांना टवके उडालेला. स्प्रेचा नवा रंग पातळ आणि सगळीकडे सारखा असतो, आणि आट्यांत, स्क्रूच्या खाचेत, जिथे कारखान्याने कधीच रंग दिला नव्हता तिथेही शिरलेला असतो. ताजा काळा रंग दिसला की चीर शोधण्याची पायरी पुन्हा करा, कारण रंग बऱ्याचदा काहीतरी झाकायलाच दिलेला असतो.

चौथी पायरी: आता नाव वाचा

थोडा इतिहास लागेल. बॉस्टनच्या लेनर्ड बेलीने बिडाच्या रंध्यांचे, पातं स्क्रूने मागेपुढे करण्याचे मार्ग काढले, पेटंटं घेतली, आणि कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने १८६९ मध्ये त्याचा धंदा विकत घेतला. नंतरची शंभर वर्षं जगभरच्या कारखान्यांनी याच घडणीच्या आणि बऱ्याचदा याच क्रमांकांच्या नकला केल्या. अमेरिकेत सार्जंट, युनियन, मिलर्स फॉल्स. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन यांनी १९३१ पासून ‘रेकॉर्ड’ नावाने रंधे काढले. निळा रंग आणि क्रमांकाआधी शून्य ही त्यांची खूण: ०११०, ०२२०, ०६०½. स्टॅन्लीनेही १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेफिल्डमध्ये बस्तान बसवलं. आपल्या बाजारांत ‘मेड इन इंग्लंड’ लिहिलेले स्टॅन्ली आणि निळे रेकॉर्ड अमेरिकन रंध्यांपेक्षा जास्त दिसतात, आणि त्यात आश्चर्य काही नाही. भारतातल्या ‘अनंत’सारख्या कंपन्यांनीही हेच क्रमांक पुढे चालवले. जुना देशी रंधा कमी दर्जाचा समजून ओलांडू नका. आपल्याकडच्या हत्यारांचा इतिहास कोणी तरी गोळा करायलाच हवा, आणि आज तो भंगाराच्या भावात मिळतो.

पात्यावरचा ठसा काळ सांगतो, पण फक्त पात्याचा. स्टॅन्लीच्या नावाखाली हृदयाची आकृती आणि तीत ‘एस. डब्ल्यू.’ अक्षरं असतील तर ते पातं साधारण १९२० ते १९३५ च्या दरम्यानचं. १९२० मध्ये कंपनी स्टॅन्ली वर्क्समध्ये विलीन झाली, त्यानंतरची ही खूण. गोळा करणारे याला ‘स्वीटहार्ट’ म्हणतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. मात्र २००९ मध्ये स्टॅन्लीने हेच नाव देऊन मेक्सिकोत बनवलेले नवे रंधे बाजारात आणले. ते वाईट नाहीत, पण जुने नाहीत.

पेटंटच्या तारखांनी फसू नका. पहिली गोष्ट, ती तारीख पेटंट मिळाल्याची, रंधा बनल्याची नव्हे. पेटंटची तारीख पुढे वर्षानुवर्षं छापली जायची. दुसरी, अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो. नं. १८ च्या मोडत्या कॅपवर २-१८-१३ असं दिसलं तर ते १८ फेब्रुवारी १९१३. त्यातून तुम्हाला एवढंच कळतं की ही कॅप १९१३ च्या आधीची नाही. तसा हा निष्कर्ष छोटा वाटतो, पण असे दोन-तीन ‘आधीचा नाही’ आणि ‘नंतरचा नाही’ जुळवत गेलं की रंध्याचा काळ आपोआप चिमटीत येतो. लाकडी गुंडीही मदत करते: जुन्या रंध्यांवर ब्राझीलचं रोझवूड, म्हणजे आपल्या शिसवीचं चुलत भावंड, नंतरच्यांवर रंग दिलेलं साधं कठीण लाकूड. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पितळ मिळेनासं झालं, म्हणून त्या वर्षांच्या रंध्यांत पितळेच्या जागी पोलाद सापडतं.

कित्येक ब्लॉक प्लेनच्या अंगावर क्रमांकच नसतो, नुसतं ओतकामाचं एखादं अक्षर असतं. म्हणून तर पहिल्या दोन पायऱ्या.

लाकडी छोटा रंधा असेल तर बनवणाऱ्याचा ठसा पुढच्या टोकाच्या आडव्या कापावर शोधा. तिथेच मालकांचीही नावं असतात. बनवणाऱ्याचं नाव सहसा मधोमध, नीट ओळीत आणि बहुधा गावाच्या नावासकट. आत शिसवीसारखं लाकूड भरलेले जड पोलादी रंधे, स्कॉटलंडमधल्या एअर गावचा स्पायर्स, लंडनचा नॉरिस, हा वेगळा आणि खर्चिक प्रांत आहे. एखादा हाताला लागला तर तासण्या-घासण्याच्या आधी कोणा जाणकाराला दाखवा.

दुर्मिळांबद्दल

नं. १ बद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. परदेशी बाजारात चांगल्या अवस्थेतला नं. १ हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो, म्हणूनच त्याच्या मापाचे नवे रंधे, पितळी-कांशाचे आणि बिडाचेही, भरपूर बनतात. मूळच्या नं. १ ला पातं डावी-उजवीकडे कलवायची तरफ कधीच नव्हती. ती दिसली तर तिथेच थांबा. नं. २ जास्त संयमाचा मामला: तो नं. ३ च्या गर्दीत लपतो, आणि विकणाऱ्यालाही फरक माहीत नसतो. पट्टी असेल तर तुम्हाला कळेल.

आखूड नाकाचा नं. ७५, चार इंची, स्वस्तात मिळतो. संग्रहाला घ्या, कामाला नको; हातात धरायला तो गैरसोयीचा आणि पातं जागेवर राहत नाही. त्याच कामासाठी निकेलचा नं. ९० कितीतरी सरस. आणि नं. २७१ हा तीन इंची, खाचेचा तळ सपाट करणारा पिटुकला रंधा दिसला तर फार विचार करू नका. बिजागरीची खाच करताना त्याची किंमत कळते.

कुठे बघायचं, किती द्यायचे

पुण्यात बुधवार आणि रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजाराच्या शुक्रवारी सकाळच्या पथाऱ्या. पण खरे रंधे निघतात ते बंद पडलेल्या सुतारकामाच्या दुकानांतून आणि भंगारवाल्यांच्या वजनकाट्यावरून. ओळखीच्या भंगारवाल्याला एक रंधा दाखवून ठेवा आणि सांगा, ‘असं काही आलं तर मोडू नका, मला फोन करा.’ किलोच्या भावापेक्षा थोडे जास्त मिळतात म्हटल्यावर तो लक्षात ठेवतो. म्हाताऱ्या सुतारकाकांकडून घेत असाल तर मात्र भाव करू नका, आणि अर्धा तास बसा. त्या रंध्याचं पातं कधी बदललं, कोणाकडून आणलं, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगणार नाही.

भावाचा एक साधा नियम: नेहमीच्या जातीच्या रंध्याला, म्हणजे ११०, २२० किंवा त्यांच्या रेकॉर्ड नकला, त्याच मापाच्या नव्या देशी रंध्याच्या किमतीपेक्षा जास्त देऊ नका. सरकत्या तोंडाच्या निर्दोष रंध्याला दुप्पट द्यायला हरकत नाही. परदेशातून मागवायचा असेल तर आधी टपालखर्च आणि कस्टम धरून हिशोब करा. बीड जड असतं आणि बरेचदा रंध्यापेक्षा पाठवणावळ महाग पडते. सुटी पाती, स्क्रू, कॅप दिसतील तिथे घेत चला. दोन मोडक्यांतून एक चांगला रंधा उभा राहतो, फक्त जोडलेला आहे हे लपवू नका.

साफ करणं आणि सांभाळणं

आणल्यावर आधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी. मग एका कार्डावर लांबी, पात्याची रुंदी, ठसे, कुठून घेतला आणि कुठले भाग मूळचे वाटत नाहीत ते लिहा. हे आज कंटाळवाणं वाटेल, पण दहा रंधे जमले की कोणता कुठला ते आठवत नाही.

साफसफाईत कमीत कमी करा. रॉकेल आणि जुना टूथब्रश यांनी तेल-भुशाचा लगदा निघतो आणि बऱ्याचदा तेवढंच पुरतं. सुट्या लोखंडी भागांवरचा गंज लिंबूसताच्या पाण्यात काही तास ठेवून निघतो. पण त्यानंतर लगेच धुऊन, वाळवून तेल लावा, नाहीतर डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस होतं. काळा लेप किंवा निकेल असलेला भाग त्यात बुडवून विसरू नका. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश तर रंध्याच्या जवळही नको: निकेल एकदा उडालं की उडालं. पातं आणि तळाचा तोंडाजवळचा भाग चकचकीत हवा, बाकी अंगावरची काळसर झाक राहू द्या.

गुंडी तडकलेली असेल तर फेविकॉलने चिकटवून बघा. अगदीच गेली असेल तर लेथवाल्याकडून शिसवीची करून घ्या आणि कार्डावर तशी नोंद करा.

सांभाळण्याचा खरा प्रश्न पावसाळ्याचा, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात तर वर्षभराचा. शिलाई मशीनचं तेल कापडाने पातळ पुसा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं. रंधे वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. सागाच्या किंवा पत्र्याच्या झाकणबंद पेटीत, एकमेकांना न टेकवता, पातं आत ओढून ठेवा आणि कोपऱ्यात कापराच्या दोन वड्या टाका. कापूर उडून जातो, तेव्हा जूनपासून नवरात्रापर्यंत दर पंधरा दिवसांनी पेटी उघडून वड्या बदला आणि तळावरून बोट फिरवून बघा. खरखरीत लागलं तर त्याच वेळी पुसून तेल लावा.